आधी छप्पर, मग डबा

पत्र

काका, मी चिमूर तालुक्यातली. यांची पुण्याची नोकरी दीड वर्षापूर्वी सुटली, तेव्हापासून आम्ही गावातच आहोत. घरचं साडेतीन एकर वावर आहे, धानाचं, कोलारा फाटकापासून आठ किलोमीटरवर. वावरात कंटेनरच्या तीन खोल्या ठेवायच्या आणि ताडोब्याला येणाऱ्यांना रात्रीच्या हिशेबानं भाड्यानं द्यायच्या, असं यांच्या डोक्यात आहे. नागपूरचा एक डीलर वीस-वीस फुटांचे तीन डबे आतून सजवून, एसी लावून साडेसोळा लाखांत द्यायला तयार आहे. तो म्हणतो, हे बांधकाम नाही, त्यामुळे परवानगी लागत नाही, पंधरा दिवसांत पाहुणे येतील. महिनाअखेर पन्नास हजार टोकन मागतोय. पैशासाठी माझे दागिने गहाण ठेवायचे आणि उरलेलं कर्ज वावरावर काढायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन महिन्यांपासून यांच्याशी धड बोलत नाहीत. "डब्यात भाजी राह्यते, माणूस नाई," एवढंच म्हणतात. मी दागिने द्यावे का?

उत्तर

ताई,

मामाजींचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसलो, कारण त्या भाजीच्या जागी मी राहिलोय. बावीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली आणि साइट ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा जुना कंटेनरच असायचा. पांढरकवड्याच्या पुढे एका मे महिन्यात दुपारी दीड वाजता टेबलावरची मेणबत्ती उभ्या उभ्या वाकलेली पाहिली. आम्ही सगळे लेव्हलबुक घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसायचो आणि डब्यात फक्त सिमेंटच्या पावत्या राहायच्या. म्हणजे उन्हाबद्दल मामाजी शंभर टक्के बरोबर आहेत. पण तेवढ्यावरून डबा नकोच, असं ठरत नाही. आमच्या त्या डब्यावर छप्पर नव्हतं. चूक आमची होती, पुढच्या कामावर आम्ही ती सुधारली आणि त्या डब्यात मी दुपारी झोपलोसुद्धा.

आधी हा हिशेब तुमच्या यांना दाखवा. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो, म्हणजे वरचा पत्रा जवळजवळ १५ चौरस मीटर. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं. म्हणजे एका डब्याच्या माथ्यावर १३ किलोवॅट, भिंतींचं वेगळं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. माथ्यावरचं सगळं ऊन आत येत नाही हे खरं, पण पोलाद उष्णता आत सोडायला फार उदार असतं. एसीनं ऊन हटवायला निघालात तर महिन्याचं बिलच तुम्हाला हटवेल. ऊन पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही, हाच एक उपाय.

आणि ताडोब्याच्या धंद्यातली खरी मेख इथेच आहे. वाघ दिसायचा हंगाम आणि डबा तापायचा हंगाम एकच आहे. पाणवठे आटतात, एप्रिल-मेमध्ये वाघ पाण्यावर येतो, तेव्हाच पाहुण्यांची रीघ लागते. त्यांचा दिवस कसा असतो बघा. पहाटे अंधारात उठून फाटकावर, दहा-साडेदहाला परत, जेवण, झोप, दुपारच्या फेरीला पुन्हा बाहेर. म्हणजे तुमच्या खोलीत माणूस नेमका अकरा ते अडीच असणार. थंडीत येणारा पाहुणा तुम्हाला काही बोलणार नाही, पण मे महिन्यातला पाहुणा ऑनलाइन जे लिहून जाईल ते वर्षभर पुसलं जाणार नाही.

तेव्हा डब्याच्या वर दुसरं छप्पर हवं. डब्याच्या पत्र्यापासून दीड-दोन फूट उंच, मधून वारा खेळेल असं, आणि पश्चिमेला, दक्षिणेला चार-चार फूट बाहेर आलेलं. त्याचे खांब वेगळे रोवा. डब्याच्या माथ्यावर काहीही वेल्ड करून उभं करू नका. तो पत्रा दोनेक मिलिमीटरचा असतो. कंटेनरची सगळी ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत असते. वर टिन घातलं तरी चालेल, पण खाली बांबूचा तट्टा द्या. कवेलू मिळाले तर सोन्याहून पिवळं. गावात घर पाडलं की कवेलू कवडीमोल जातात, मामाजींना बरोबर माहीत असेल कुठे. तणसानं शाकारू नका, सिगारेट ओढणारा पाहुणा एक तरी येतोच. डबा पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन फक्त आखूड बाजूला लागेल. छपराच्या पुढच्या बाजूला डब्याच्याच लांबीची सपरी, म्हणजे ओसरी, निघते. माझा अनुभव विचाराल तर पाहुणे खोलीपेक्षा सपरीतच जास्त बसतात. एकदा वर्ध्याला काम असेल तर सेवाग्रामच्या बापू कुटीत उन्हाळ्याच्या दुपारी दहा मिनिटं टेका. माती, बांबू, कवेलू आणि खोल ओसरी. आपल्या मुलखात उन्हाचं गणित आधीच सोडवून ठेवलेलं आहे, डीलरच्या कॅटलॉगात शोधायची गरज नाही. बांबूचं काम चांगलं करून हवं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि गावचे बुरड तर आहेतच.

आतल्या इन्सुलेशनबद्दल डीलरनं काय लिहून दिलंय ते बघा. नुसतं "इन्सुलेटेड" हा शब्द काही सांगत नाही. कोणतं, किती जाड, हे लिहिलेलं हवं. ग्लासवूल स्वस्त पडतं, पण पुरेशी काळजी न घेता पत्र्याला लावलं तर डिसेंबरात घोळ होतो. तुमच्याकडे जंगलाच्या कडेला पहाटे पारा दहाच्या खाली जातो. आत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार पत्र्यावर बसते आणि डबा घामेजतो. ते पाणी ग्लासवूल पिऊन घेतं, दोन वर्षांत वास यायला लागतो. पत्र्याला चिकटून बसणारा फवारणीचा फोम, म्हणजे पीयूएफ, बरा, पण तो उघडा ठेवायचा नाही. पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. वरून सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम हवंच. आणि कंटेनरचा मूळचा दरवाजा बाहेरून दांड्यानं बंद होतो, आतून उघडत नाही. ते दांडे काढून टाका किंवा निकामी करा, आणि बाहेर पडायला दुसरी मोठी खिडकी ठेवा. हे शोभेचं काम नाही, माणसं आत झोपणार आहेत.

आता मापं. साधा वीस फुटी डबा आतून २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच इन्सुलेशन, वर सीलिंग, खाली फरशी धरली की उंची सव्वासात फुटांवर येते. त्यात छताचा पंखा लावता येत नाही, उंच माणसानं शर्ट काढायला हात वर केला की संपलं. आणि पंख्याशिवाय विदर्भात कोण झोपतं? म्हणून हाय-क्यूब म्हणतात तो एक फूट जास्त उंचीचा डबा घ्यावा. तो बहुधा चाळीस फुटी मिळतो. चाळीसचा एकच घेऊन मधे भिंत घातली तर पंखा लागणाऱ्या दोन खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं संडास-न्हाणीघर. मला तीन विसांपेक्षा हा सौदा बरा वाटतो. फक्त आधी तुमची पांधण पायी चालून बघा. चाळीस फुटी ट्रेलर वळेल का? डबा ट्रेलरवर चढला की जमिनीपासून साडेचार मीटरच्या आसपास जातो. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा किती खाली लोंबताहेत? उतरवायला हायड्रा, म्हणजे क्रेन, लागेल, त्याला उभं राहायला कडक जमीन लागेल. हे सगळं जूनच्या पहिल्या पावसाआधी, नाहीतर थेट दिवाळीनंतर. चिखलात रुतलेला ट्रेलर काढायला मी दोन दिवस आणि तीन ट्रॅक्टर घालवलेत.

"कंटेनर" म्हणून विकतात ते प्रत्येक वेळी कंटेनर नसतं, हेही सांगून ठेवतो. अँगल उभे करून साधा नालीदार पत्रा ठोकलेली केबिन आणि जहाजावर फिरलेला कॉर्टेन पोलादाचा डबा यांत फार फरक. खऱ्या डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असतो, चौथं अक्षर बहुतेक वेळा यू. दरवाजावर धातूची पाटी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख असते आणि तळाच्या लाकडाला कोणतं औषध मारलं आहे त्याची नोंदही सापडते. तळाला २८ मिलिमीटरचं प्लायवूड असतं आणि त्याला कीडनाशक मुरवलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यावर माणसं अनवाणी चालणार असतील तर प्लायवूड काढा किंवा नीट सीलबंद करून वर फरशी घ्या. केबिन घेतली तरी हरकत नाही, स्वस्त असते, फक्त केबिनचे पैसे द्या, कंटेनरचे नको.

जमिनीवर मी जरा जास्त बोलणार आहे, जन्मभर तेच केलंय.

तुमचं वावर धानाचं, म्हणजे बांध्या. पाणी धरून ठेवण्यासाठीच ती जागा बनवलेली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या चार दगडांवर डबा टेकवला तर पहिल्याच वर्षी एक कोपरा खाली जाईल. डब्याची चौकट पिळवटली की पहिली तक्रार दाराची, लागत नाही, उघडत नाही, आणि मग काचा तडकतात. कोपऱ्यांखालचे खांब मुरूम लागेपर्यंत खाली न्या, चाळीस फुटी असेल तर मधेही आधार द्या. मुरूम फारच खोल असेल तर काळ्या मातीसाठी रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल असतात, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले. चंद्रपूर-नागपूरच्या कोणत्याही स्ट्रक्चरल इंजिनिअरला ते ठाऊक असतात. डबा जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. खालून वारा जातो, उधईचा माग दिसतो आणि साप बसला तर बॅटरीनं बघता येतो. शोषखड्ड्याचंही तेच. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी आठ दिवसांत वर येईल. खड्डा मुरमापर्यंत न्या.

आणि जागा निवडायचं काम मामाजींवर सोपवा. भांडण मिटवायची युक्ती म्हणून सांगत नाही. वावरात पाणी कुठे साचतं, कोणत्या मोहाची सावली दुपारी चारला कुठपर्यंत येते, धुऱ्याच्या कोणत्या बाजूनं डुकरं येतात, हे यांना पुण्याहून येऊन दीड वर्षात कळणारं नाही.

डुकरांवरून आठवलं. तुमच्या भागात वाघ-बिबट हा फक्त तिकिटाचा विषय नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. संडास खोलीला लागूनच हवा, रात्री पाहुण्याला अंगणातून चालत जावं लागता कामा नये. जेवणाची जागा ते खोली एवढं अंतर कुंपणात आणि उजेडात असावं. खरकटं रात्री बाहेर राहिलं की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पाहुण्याला वाघ दाखवण्याचा नाद वावरात करू नका.

आता परवानगी. डीलरचं वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे आणि तिच्यात मुद्दा जमिनीच्या वापराचा आहे. शेतीची जमीन तुम्ही लॉजिंगसाठी वापरताय का, एवढंच तहसीलदार बघणार. डब्याला पाया आहे का चाकं आहेत, हा प्रश्न नंतरचा. दुसरं, ताडोब्याभोवती बफर, म्हणजे गाभ्याच्या जंगलाबाहेरचा पट्टा, आहे आणि इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. अशा झोनच्या अधिसूचनांत साधारणपणे संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नव्या हॉटेल-रिसॉर्टला बंदी असते, आणि पर्यावरण-पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या रचनांना तेवढी सूट असते. "तात्पुरतं आहे, चालतं" ही अर्धी गोष्ट डीलरनं तिथूनच उचलली असावी. पण सूट मिळते ती अर्ज करून, गुपचूप डबा ठेवून नव्हे. तुम्ही लिहिलंत की फाटक आठ किलोमीटरवर आहे. फाटक लांब असलं तरी हद्द धुऱ्याला लागून असू शकते. गटनंबर घेऊन वनविभागाच्या कार्यालयात जा आणि नकाशावर बोट ठेवून विचारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, तेही बघा. वर्ग २ असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची वाट धरावी लागेल.

तुमच्यासाठी सरळ रस्ता मला कृषी पर्यटनाचा दिसतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, नागपूरला त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे. तुमचं वावर चालू आहे, धान आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. वीज मात्र शेतीपंपाच्या जोडणीवरून घेऊ नका. तो अनधिकृत वापर ठरतो, आणि शेतीच्या लाइनला दिवसात आठ तास वीज, तीही पाळीनं. पाहुण्याचा पंखा कोणत्या पाळीत बसवणार? वेगळं मीटर लागेल आणि दोन एसी, दोन गिझर धरले तर महावितरणला आधी विचारा की तुमचा ट्रान्सफॉर्मर तेवढा भार घेईल का. खरं तर मे महिन्याच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एसीच्या तोडीस तोड चालतो, फक्त समोरासमोर खिडक्या हव्यात. जूनमध्ये हवा दमट झाली की तो काम देत नाही, हे तुम्हाला घरच्या कूलरवरून माहीत आहेच. अर्थिंगवर मात्र एक पैसा वाचवू नका. लोखंडाची खोली, ओले पाय, आणि आपल्याकडच्या विजा. डब्याच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय एकही पाहुणा आत घेऊ नका. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, तेही लक्षात असू द्या.

आता पैशाचं बोलू, कारण प्रश्न तिथलाच आहे. ताडोब्याचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. उरले २७३ दिवस. दर मंगळवारी कोअर बंद, म्हणजे सोमवारची रात्र बहुधा रिकामी. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मोजल्या तर ७८. दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या सुट्ट्या धरून शंभराच्या आतबाहेर. बफरची काही फाटकं पावसाळ्यातही चालू असतात, पण त्यावर कर्ज काढू नका. रात्रीचे अडीच हजार धरले तर एका खोलीचे वर्षाला अडीच लाख येतात, तेही खोली ओळखीची झाल्यावर. त्यातून बुकिंग साइटचं कमिशन, धुणं, वीज, जेवण, एका माणसाचा पगार गेला की हातात निम्मे राहिले तर देवाला नारळ फोडा. पहिल्या वर्षी शंभर रात्री भरणारही नाहीत. पाहुणा आधी सफारीचं बुकिंग करतो, मग खोली शोधतो, आणि कोलाऱ्याला खोल्या कमी नाहीत. तीन खोल्यांच्या साडेसोळा लाखांवरचं व्याज या कमाईतून निघेल, पण मुद्दल फारच हळू निघेल. आणि त्या साडेसोळांत छप्पर, पाया, शोषखड्डा, मीटर, कुंपण यांतलं काहीच धरलेलं दिसत नाही. डबा हा या धंद्यातला स्वस्त भाग आहे, हे डीलर कशाला सांगेल.

तेव्हा दागिने देऊ नका. तीन डब्यांसाठी तर मुळीच नको.

वावरही, ते सातबाऱ्यावर मामाजींच्या नावानं असेल तर, त्यांच्या सहीशिवाय गहाण पडत नाही आणि वापरबदलाचा अर्जही त्यांच्याच सहीचा. म्हणजे त्यांचा अबोला हा घरातला रुसवा राहत नाही, तो तुमच्या प्रकल्पातला पहिला कागद आहे. यांना हे शांतपणे सांगा, रागानं नको. नोकरी सुटून गावी परतलेल्या माणसाला आपण रिकामे नाही हे दाखवायची घाई असते. मी पाहिलंय, घाईपोटी माणूस तीन डबे मागतो, जिथे एकानं काम भागतं.

एका डब्यापासून सुरुवात करा, दोन खोल्यांचा असला तरी एकच. पैसे काढायचेच असतील तर व्यवसाय तुमच्या नावावर करता येतो का ते बघा. २०२३ साली राज्यानं महिलांसाठी "आई" नावाचं पर्यटन धोरण आणलं, त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. अटी पर्यटन संचालनालयात विचारा. दागिने तुमचे, स्वयंपाक तुमचा, पहाटे चारला पाहुण्यांसाठी पाणी तापवणार तुम्ही, मग कागदावर नाव दुसऱ्याचं का? हे वाक्य यांना आवडणार नाही कदाचित. मामाजींना आवडेल.

डबा आल्यावर लगेच पाहुणे घेऊ नका. पुढचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, तुम्ही दोघं दुपारी अकरा ते अडीच आत झोपून काढा, भिंतीला थर्मामीटर टांगून. नाहीच जमलं तर डबा विकता येतो, बियाणं-खत ठेवायला वापरता येतो, विटांच्या खोलीचं तसं करता येत नाही. यांच्या कल्पनेत मला आवडलेली गोष्ट ती.

टोकनचं म्हणाल तर महिनाअखेरची घाई डीलरची आहे, तुमची नाही. थांबायचं तर तोच थांबेल. त्याच्याकडून डब्याचा नंबर, पाटीचा फोटो, पत्र्याची आणि इन्सुलेशनची जाडी, आणि "परवानगी लागत नाही" हे वाक्य त्याच्या लेटरहेडवर लिहून मागा. चौथा कागद तो देणार नाही. तो न दिल्याचं यांना दाखवा आणि मग पन्नास हजारांचं बोलायला बसा.